न्यूमोनियानंतर ज्येष्ठांना ‘पूर्ण आराम’ नको

काही वर्षांपूर्वी ७२ वर्षांचे एक काका न्यूमोनियाने माझ्याकडे ॲडमिट होते. चार दिवसांत ताप गेला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन निघाला, सातव्या दिवशी मी त्यांना घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिली आणि खाली सवयीने दोन शब्द लिहिले, ‘पूर्ण आराम’.

मुलगा आणि सून दोघंही मायाळू. त्यांनी ते दोन शब्द तंतोतंत पाळले. ब्यूरोतून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या. जेवण बेडवर, स्पंजिंग बेडवर. रात्री बाथरूमला जाताना पडतील म्हणून डायपर. गार वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. पथ्य म्हणून मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं पाणी. तीन आठवड्यांनी ते फॉलोअपला आले, ते व्हीलचेअरवर. छाती तपासली, तर आवाज स्वच्छ. पण खुर्चीतून उठता येईना. मांड्या बारीक झालेल्या, माकडहाडापाशी बेडसोरची सुरुवात. आजारपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत हेच काका रोज सकाळी दूध आणायला स्वतः जात होते.

सून म्हणाली, “डॉक्टर, आम्ही काही कमी केलं नाही हो.” खरंच होतं ते. त्यांनी काही कमी केलं नव्हतं. मी सांगण्यात कमी पडलो होतो. तेव्हापासून ‘पूर्ण आराम’ हे शब्द मी कार्डावर लिहिणं बंद केलं.

न्यूमोनियातून उठलेल्या ज्येष्ठ माणसाला विश्रांती हवी, यात वाद नाही. पण विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरूण नव्हे. माझं मत असं आहे की आपल्या घरांमध्ये न्यूमोनियानंतरचं बरंचसं नुकसान दुर्लक्षाने होत नाही, चुकीच्या काळजीने होतं. तुमच्या घरी आई, बाबा, आजी, आजोबा नुकतेच न्यूमोनियातून उठले असतील, तर हा लेख शांतपणे वाचा.

डिस्चार्ज म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे

न्यूमोनियात फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांमध्ये हवेऐवजी पाणी, पू आणि मेलेल्या पेशी भरतात. अँटिबायोटिकने जंतू काही दिवसांत मरतात. पण साचलेला तो कचरा औषधाने जात नाही. तो शरीराला स्वतः उपसावा लागतो. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाणी काही दिवसांत ओसरतं, घरातला गाळ काढायला कितीतरी आठवडे जातात.

म्हणून वेळेचा अंदाज आधीच मनात असू द्या. साधारणपणे आठवड्याभरात ताप जातो. चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी होतो. सहा आठवड्यांत खोकला आणि धाप पुष्कळ कमी होते. तीन महिन्यांत बहुतेक त्रास संपतात, थकवा मात्र रेंगाळू शकतो. पूर्ववत वाटायला काहींना सहा महिनेही लागतात. वय जास्त असेल, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल, तर हे आकडे आणखी लांबतात.

हे माहीत नसलं की घरात दोन चुका होतात. दहाव्या दिवशी खोकला दिसला की “औषध लागू पडलं नाही” म्हणून दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक सुरू होतं. किंवा महिन्याभराने थकवा दिसला की “आता वयच झालं” म्हणून प्रयत्नच सोडले जातात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. सुधारणा रोजच्या रोज मोजू नका, आठवड्याला मोजा. मागच्या रविवारपेक्षा या रविवारी बरं आहे का, एवढंच विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर गाडी रुळावर आहे.

अंथरूण काय काढून घेतं

२००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांना कोणताही आजार नव्हता, खाणंपिणं व्यवस्थित होतं. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू कमी झाले. निरोगी माणसाचं हे झालं, तर ताप, जंतुसंसर्ग आणि उपासमार सोसलेल्या शरीराचं काय होत असेल याचा विचार करा. तरुण माणूस गमावलेले स्नायू महिन्याभरात भरून काढतो. सत्तरीत ते फार हळू भरतात, आणि काहींचे कधीच पूर्ण भरत नाहीत.

नुकसान फक्त पायांचं होत नाही. आडवं पडून राहिलं की फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथेच साचतो. पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. बद्धकोष्ठ होतं, भूक मरते. उभं राहताच रक्तदाब उतरून चक्कर येते. आणि दिवस-रात्रीचं भान सुटून मेंदू गोंधळतो. थोडक्यात, ज्या फुप्फुसाला बरं करण्यासाठी आपण माणसाला झोपवतो, त्यालाच ते झोपणं मानवत नाही.

“पण डॉक्टर, या वयात कशाला त्यांना पळवायचं?” असं मला विचारतात. पळवायचं नाही, उठवायचं आहे. घरी आल्या दिवसापासून हे करा:

- तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत बसून, शक्यतो सगळ्यांबरोबर.
- जागेपणी दर दोन तासांनी एकदा उठणं आणि घरातल्या घरात एक फेरी. सुरुवातीला बेडपासून दारापर्यंत गेलं तरी पुरे.
- लघवी-शौचासाठी चालत बाथरूमला, आधार देऊन.
- दर दोन-तीन दिवसांनी फेरी थोडी लांब. खोली, मग हॉल, मग जिना किंवा अंगण.
- हातांवर जोर देऊन का होईना, खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोन-तीनदा. मांड्यांसाठी यासारखा सोपा व्यायाम नाही.

किती चालायचं याचं साधं माप म्हणजे चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर थांबा, बसा, पुन्हा थोड्या वेळाने चला. फेरीनंतर आलेला थकवा अर्ध्या-पाऊण तासात उतरला तर माप बरोबर. दुसऱ्या दिवशीपर्यंत अंग मोडून आलं तर थोडं जास्त झालं, उद्या कमी करा. दुपारची झोप जरूर घेऊ द्या, पण ती तासाभराची असू द्या.

उठताना घाई नको. आधी बेडच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसणं, मग उभं राहणं, मग चालणं. ताप चढलेला असेल, छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप असेल किंवा चक्कर येत असेल, तर चालवू नका, डॉक्टरांना कळवा. हृदय कमकुवत असेल किंवा अलीकडे ऑपरेशन झालं असेल, तर किती चालायचं ते आधी विचारून घ्या.

डायपरबद्दल थोडं स्पष्ट बोलतो

जो माणूस आजारपणाआधी स्वतः बाथरूमला जात होता, त्याला फक्त सोयीसाठी डायपर लावू नका. सवय आठवडाभरात मोडते आणि परत लागायला महिने जातात. बाथरूमला जाण्याच्या चार-पाच फेऱ्या हाच अशक्त माणसाचा दिवसभरातला खरा व्यायाम असतो. तोच आपण काढून घेतो. शिवाय ओलसरपणाने कातडी सोलवटते आणि माणसाचा आत्मसन्मान जातो, तो वेगळाच. संकोचाने पाणी पिणं कमी करणाऱ्या कितीतरी आज्या मी पाहिल्या आहेत.

पडण्याची भीती खरी आहे. पण तिचा उपाय वेगळा आहे. बाथरूममध्ये घट्ट बसवलेला हँडल, खाली न सरकणारी मॅट, वाटेत सतरंजी किंवा वायर नको, रात्रभर एक लहान दिवा आणि पायात मागून पट्टा असलेली चप्पल. रात्रीपुरतं बेडशेजारी कमोडची खुर्ची किंवा युरीन पॉट ठेवा. मावशी ठेवल्या असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, “तुम्ही त्यांचं सगळं करायचं नाही, त्यांना करायला मदत करायची.” हे सांगितलं नाही तर त्या बिचाऱ्या प्रामाणिकपणे सगळं बेडवर उरकतात.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

न्यूमोनिया हा गार खाल्ल्याने होत नाही, जंतूंमुळे होतो. दही, केळं, ताक, लिंबू यांनी तो परत उलटत नाही. एखाद्या पदार्थाने एखाद्याला खोकला येत असेल तर तो तेवढा टाळा. पण सरसकट पथ्य लावून ताटात फक्त पेज आणि डाळीचं पाणी उरलं, तर झिजलेले स्नायू भरणार कशाने? डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. ती खाली बसलेल्या डाळीत असतात, आणि ती आपण बाकीच्यांना वाढतो!

आजारातून उठलेल्या ज्येष्ठाला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ७० ग्रॅम. हिशेब सोपा करून सांगतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, एका ग्लास दुधात ६ ते ७ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणात किंवा उसळीत ६ ते ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांमध्ये ७ ग्रॅम, आणि माशाच्या १०० ग्रॅमच्या तुकडीत २० ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात यातलं काय काय पोटात गेलं ते एकदा कागदावर लिहून पाहा. बहुतेक घरांत बेरीज तीसच्या पुढे जात नाही.

भूक नसेल तर ताट मोठं करू नका, वेळा वाढवा. दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं द्या. वरणात तूप, भाजीत शेंगदाण्याचं कूट, दुधात सातूचं पीठ, थालीपिठाबरोबर दही. दात नसतील तर अंड्याची भुर्जी, मऊ पनीर, मऊ शिजवलेली खिचडी ज्यात डाळ तांदळाइतकीच आहे. महागडे पावडरचे डबे सगळ्यांना लागत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पाण्याचंही तसंच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी, ताक, सार, पेज असं काहीही पोटात जाऊ द्या.

श्वासाचं यंत्र, वाफ आणि धूर

हॉस्पिटलमधून बहुतेकांना तीन रंगीत बॉलचं यंत्र मिळतं. माझ्या अनुभवात निम्मे लोक त्यात जोरात फुंकतात. ते फुंकायचं नसून ओढायचं असतं. नळी तोंडात धरून हवा हळूहळू आत ओढा, बॉल वर उचलला की दोन-तीन सेकंद धरून ठेवा, मग सावकाश सोडा. जागेपणी दर तासाला पाच ते दहा वेळा. तिन्ही बॉल उडवण्याची स्पर्धा लावू नका, चक्कर येईल. यंत्र नसलं तरी अडत नाही. बसून खोल श्वास घ्या, क्षणभर थांबा, सोडा आणि शेवटी दोनदा खोकून कफ बाहेर काढा. खोकला हा इथे शत्रू नाही, गाळ उपसणारा कामगार आहे. म्हणून ओला खोकला दाबणारी आणि झोप आणणारी सिरप ज्येष्ठांना स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यांनी ग्लानी येते, लघवी अडते, पडण्याचा धोका वाढतो.

वाफेने काहींना बरं वाटतं. पण उकळत्या पाण्याचं भांडं आणि थरथरते हात ही जोडी धोक्याची आहे. भाजलेले ज्येष्ठ पाहिले आहेत म्हणून सांगतो. घ्यायचीच तर कुणीतरी शेजारी बसा. नेब्युलायझर हा दमा किंवा सीओपीडी असणाऱ्यांसाठी उपयोगी आहे, प्रत्येक खोकल्यासाठी नाही.

खिडक्या उघडा. बंद खोलीत उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल लावणं म्हणजे बऱ्या होणाऱ्या फुप्फुसाला धुरी देणं. विडी-सिगारेट तर रुग्णाचीही बंद आणि त्या घरातल्या इतरांचीही.

औषधं: पुरी करा, पण परत सुरू करू नका

डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स सांगितला तितके दिवस घ्या. साध्या न्यूमोनियात तो बऱ्याचदा पाच ते सात दिवसांचा असतो आणि तेवढा पुरतो. मागे राहिलेल्या खोकल्यासाठी तीच चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून पुन्हा गोळ्या आणू नका. गाळ उपसण्याच्या कामात अँटिबायोटिकचा काही वाटा नाही. जुलाब, तोंड येणं, भूक मरणं मात्र नक्की पदरात पडतं.

आपल्या देशात याला आणखी एक बाजू आहे. न्यूमोनिया वाटलेला आजार काही वेळा क्षयरोग निघतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार काम करतात. त्यामुळे चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं असेल, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

डिस्चार्जनंतर जुन्या औषधांचा गोंधळही नेहमी होतो. हॉस्पिटलमध्ये रक्तदाबाची गोळी बंद केलेली असते, इन्शुलिनचा डोस बदललेला असतो, घरी आल्यावर जुनं आणि नवं दोन्ही सुरू राहतं. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून पहिल्या फॉलोअपला घेऊन या आणि कोणतं चालू, कोणतं बंद हे लिहून घ्या. स्टेरॉइड दिलं असेल तर साखर वाढते, ती घरी तपासा. झोपेची गोळी मात्र विचारल्याशिवाय देऊ नका.

कधी थांबायचं नाही

ज्येष्ठांचा न्यूमोनिया उलटला तरी ताप येईलच असं नाही. कित्येकदा पहिली खूण वेगळीच असते. माणूस गप्प होतो, जेवण नाकारतो, असंबद्ध बोलतो, तारीख-वार विसरतो किंवा उगाच पडतो. “वयामुळे होतं” म्हणून हे सोडून देऊ नका. कालपर्यंत नीट बोलणारे बाबा आज गोंधळले असतील तर ते म्हातारपण नाही, आजार आहे.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, बोटं गरम करा, नखांवर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसावी आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावर वाचा. बहुतेकांसाठी ९४ आणि त्यावर आकडा समाधानकारक. ९२ किंवा त्याखाली पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९० च्या खाली असेल तर हॉस्पिटल गाठा. जुना सीओपीडी असणाऱ्यांचा आकडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पण नुसत्या आकड्याकडे पाहू नका, माणसाकडे पाहा. शांत बसलेले असताना मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. २४ च्या वर असतील तर कळवा, ३० च्या वर असतील तर थांबू नका.

ताबडतोब नेण्याच्या इतर खुणा म्हणजे बसल्या जागी धाप, ओठ किंवा नखं निळसर, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, दिवसभर लघवी जवळजवळ नाही, किंवा उठवूनही नीट जाग न येणं. अशा वेळी १०८ ला फोन करा. आणखी एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. न्यूमोनियानंतरच्या पहिल्या महिन्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे छातीतलं दुखणं “खोकून खोकून होतंय” असं परस्पर ठरवू नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यासाठीही क्षणभर थांबू नका.

पुन्हा पुन्हा एक्स-रे कशाला?

एक्स-रेवरचा डाग माणसापेक्षा हळू बरा होतो. ज्येष्ठांमध्ये तो जायला दोन-तीन महिनेही लागतात. दहाव्या दिवशी हौसेने काढलेल्या एक्स-रेवर डाग दिसतो, घर घाबरतं आणि पुन्हा सलाइन सुरू होतं. माणूस सुधारत असेल तर लगेच एक्स-रेची गरज नसते. मात्र सहा आठवड्यांनी एकदा तो काढावा, विशेषतः धूम्रपान केलेलं असेल किंवा त्रास रेंगाळला असेल तर. कारण कधी कधी न्यूमोनियाच्या आड कर्करोग लपलेला असतो. तो एक्स-रे “आता बरं वाटतंय, कशाला?” म्हणून टाळू नका.

पुढचा न्यूमोनिया टाळता येतो

एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नाही. ६५ वर्षांवरील प्रत्येकाने न्यूमोकोकल लस घ्यावी, मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी त्याआधीही. फ्लूची लस दरवर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून ती पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. लसीने प्रत्येक न्यूमोनिया टळत नाही, पण गंभीर आजाराची शक्यता कमी होते. नातवंडांच्या लसीच्या तारखा आपण पाठ ठेवतो. आजीची लस मात्र कुणाच्याच कॅलेंडरवर नसते.

दुसरी गोष्ट तोंडाची स्वच्छता. तोंडातले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. दिवसातून दोनदा दात आणि जीभ साफ करा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. जपानमध्ये ८५ वर्षांवरील लोकांच्या एका अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. जेवताना-पिताना ठसका लागत असेल, विशेषतः पक्षाघात किंवा पार्किन्सन्स असेल, तर ताठ बसवून लहान घास द्या आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आडवं झोपवून चमच्याने पाणी पाजणं तर कधीच नको.

आता थोडं आमच्याबद्दल

इंग्रजीत न्यूमोनियाला ‘म्हाताऱ्यांचा मित्र’ म्हणायची जुनी पद्धत होती. फार कष्ट न देता नेणारा आजार, असा त्याचा अर्थ. ती वृत्ती आपल्याकडे वेगळ्या रूपात आहे. “सत्तरी झाली, आता एवढं चालायचंच” असं घरातले म्हणतात आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही मनात म्हणतो. म्हणून हॉस्पिटलमध्ये सात दिवस जिवापाड धावपळ करणारे आम्ही, घरच्या तीन महिन्यांसाठी दोन मिनिटंही देत नाही. हे बदलायला हवं. तोपर्यंत तुम्ही आम्हाला बदलायला भाग पाडा. घरी नेण्याआधी पाच प्रश्न विचारा. रोज किती चालवायचं? काय आणि किती खायला द्यायचं? जुन्या औषधांपैकी कोणती चालू, कोणती बंद? कोणत्या खुणा दिसल्या तर रात्रीसुद्धा फोन करायचा आणि कुणाला? पुढची तपासणी आणि लस कधी? उत्तरं मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील गावी दोघंच, अशी घरं आता खूप आहेत. अशा मुलांना मी सांगतो, रोज व्हिडिओ कॉलवर “कसे आहात?” विचारू नका, “बरं आहे” एवढंच उत्तर येतं. “बाबा, जरा खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन दाखवा” असं म्हणा. उठताना किती जोर लागतो, बोलताना धाप लागते का, चेहरा उतरला आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. शेजाऱ्यांचा नंबर जवळ ठेवा. आणि मनाकडेही लक्ष द्या. मोठ्या आजारानंतर ज्येष्ठांना भीती बसते, उदास वाटतं, “आता माझं काही खरं नाही” असं ते बोलून दाखवतात. त्यावर उपदेश करण्यापेक्षा त्यांना हॉलमध्ये आणून सगळ्यांत बसवणं जास्त उपयोगी पडतं.

त्या काकांचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. फिजिओथेरपिस्ट रोज घरी येऊ लागले, जेवण बदललं, डायपर सुटलं. चार महिन्यांनी ते काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊ लागले. दूध आणायला मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. न्यूमोनियाने जे घेतलं नाही, ते त्या तीन आठवड्यांनी घेतलं.

आता माझ्या कार्डावर ‘पूर्ण आराम’च्या जागी ही वाक्यं असतात: जेवण खुर्चीत. बाथरूमला चालत. दर दोन तासांनी एक फेरी. रोज दोन अंडी किंवा दोन वाट्या घट्ट वरण जास्तीचं. गोंधळले किंवा धाप लागली तर लगेच फोन.

तुमच्या डॉक्टरांनी हे लिहून दिलं नसेल, तर हा लेख त्यांना दाखवा आणि तुमच्या माणसासाठी यातलं काय लागू आहे ते विचारून घ्या.